एक डोळा नवा, एक जुना: मोतीबिंदूच्या दवाखान्याचा अनुभव

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. शस्त्रक्रिया त्यांनी झकास केली, आणि नावासकट तक्रार लिहिली की लोकांना वाटतं डोळाच बिघडवला. सांगलीतला आहे, एवढं पुरे. मी ६४ वर्षांचा, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, डावा आधी केला.

आधी चांगलं सांगतो. सकाळी साडेआठला बोलावलं, साडेदहाला मी घरी चहा पीत होतो. भूल नुसत्या ड्रॉपची, ना टाका ना इंजेक्शन. ड्रॉपचं वेळापत्रक मराठीत, मोठ्या टायपात छापलेलं, आणि कुठली बाटली हलवून घ्यायची त्यावर लाल खूण. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा मिटून स्वतःचा सदरा पाहिला तर नीळ घातल्यासारखा पांढरा. डावा मिटून पाहिला तर तोच सदरा चहात बुचकळून काढलेला. इतकी वर्षं मी चहातूनच जग बघत होतो.

आता काउन्सेलरबद्दल. फी भरायच्या आधी एका खोलीत बसवून लेन्सची पॅकेजं दाखवतात, साडीच्या दुकानात घड्या उलगडाव्यात तशी. मल्टिफोकल घेतली की चष्मा सुटेल म्हणाली. मल्टिफोकलमध्ये प्रकाश लांबच्या आणि जवळच्या प्रतिमेत वाटला जातो, त्यामुळे कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिकटातला फरक, थोडा घटतो, हे मी विचारल्यावरच कबूल झाली. मग दुसरी घडी: मोनोव्हिजन. एक डोळा लांबचा, दुसरा जवळचा. त्याला का नको म्हणालो ते पुढे येईल. साधी लेन्स घेतली, पस्तावलो नाही.

खरी गोष्ट सुरू झाली आठवडाभराने, आमच्या हॉलमधल्या घड्याळापाशी. वडिलांच्या वेळचं, लंबकाचं. दुपारी जेवून पडलो होतो, सहज लक्ष गेलं तर लंबक नुसता डावीउजवीकडे हलत नव्हता. उजवीकडे जाताना काचेतून बाहेर आल्यासारखा, डावीकडे जाताना पार भिंतीत शिरल्यासारखा. म्हणजे भोवऱ्यासारखा गोल फिरत होता. एक डोळा मिटला, सरळ. दोन्ही उघडले, पुन्हा गोल. हिला हाक मारली, तिला काहीच दिसेना. ‘आराम करा जरा,’ म्हणाली.

वर्गात हा प्रयोग मी स्वतः करून दाखवलेला आहे! दोऱ्याला खोडरबर बांधायचं, एका डोळ्यापुढे काळी काच धरायची. पुलफ्रिख परिणाम. कार्ल पुलफ्रिख जर्मनीत येनाला झाइसच्या भिंगांच्या कारखान्यात होते, १९२२ साली त्यांनी यावर लिहिलं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो कधी दिसला नाही, कारण त्यांचा एक डोळा गेलेला होता. कारण सोपं आहे. कमी उजेडाची, अंधुक प्रतिमा मेंदूपर्यंत काही मिलिसेकंद उशिरा पोहोचते. लंबक तोवर पुढे सरकलेला असतो, म्हणून दोन डोळे त्याला दोन जागी बघतात, आणि दोन जागांतला फरक मेंदू अंतर म्हणून वाचतो. माझ्याकडे काळी काच नव्हती, मोतीबिंदू होता.

फॉलोअपला हे सांगितलं तर डोळे तपासणाऱ्या मुलाने ‘सवय होईल काका’ म्हणून पुढचा नंबर पुकारला. इथे माझा एक स्टार गेला. घड्याळाचं काय, ते फिरो बापडं. पण मी स्कूटर चालवतो. माझा मंद डोळा उजवा. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारं सगळं आहे त्यापेक्षा जवळ दिसतं, आणि उजवीकडून डावीकडे जाणारं लांब. आता फुटपाथवर उभे राहा. आपल्याकडे रस्ता ओलांडताना पहिली वाहनं कुठून येतात? उजवीकडून.

त्या रात्री वहीत गणित मांडलं. उशीर ३ मिलिसेकंद धरला, डोळ्यांतलं अंतर ६.३ सेंटिमीटर. पाच मीटरवरून ताशी १५ किलोमीटरने आडवी जाणारी सायकल तेवढ्या वेळात सव्वा सेंटिमीटर सरकते, आणि दिसते सव्वासहा मीटरवर. रिक्षा ताशी ३० ने असेल तर पाच मीटरचे सव्वाआठ होतात. मेंदू नुसत्या दोन डोळ्यांवर विसंबत नाही, रिक्षाचा आकार, रस्ता, सावली हेही बघतो, म्हणून मी जिवंत आहे. पण स्कूटर महिनाभर बंद ठेवली.

दुसरा प्रकार संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर. तिन्हीसांजेला पुलावरून जाणारी एसटी नुसत्या उजव्या डोळ्याने पाहिली तर रेंगाळल्यासारखी वाटायची, डाव्याने पाहिली की वेगात. यावरही जुनं काम आहे. दृष्टीवर संशोधन करणाऱ्या पीटर थॉम्पसन यांनी १९८२ मध्ये दाखवलं की कॉन्ट्रास्ट कमी असला की तीच गती मंद भासते. हासेनस्टाइन आणि रायशार्ट यांनी १९५६ मध्ये भुंगेऱ्यावरून हालचाल ओळखण्याचं जे गणित बसवलं, त्यात डोळ्यातल्या एका बिंदूचा संदेश थोडा थांबवायचा आणि शेजारच्या बिंदूच्या संदेशाशी गुणायचा. गुणाकार मोठा, म्हणजे हालचाल त्या दिशेला. पण गुणाकार आला की कॉन्ट्रास्ट निम्मा झाल्यावर उत्तर पाव होतं, आणि आपल्याला काही एसटी पाव वेगाने दिसत नाही. मला पटतं ते वाइस, सिमॉन्सेली आणि एडलसन यांचं २००२ मधलं उत्तर. जगात बहुतेक वस्तू थांबलेल्या किंवा सावकाश असतात, हे मेंदू धरूनच चालतो. डोळ्याचा पुरावा धडधडीत असेल तर तो ऐकतो, धूसर असेल तर आपल्या गृहीताकडे झुकतो. डोंगरघाटातल्या धुक्याला मात्र हे जसंच्या तसं लावू नये, तिथे लांबचं जास्त पुसट आणि जवळचं कमी, तो हिशेब वेगळा.

दुसऱ्या फॉलोअपला वही घेऊनच गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बाहेर रांग होती, तरी त्यांनी पाच मिनिटं वही वाचली आणि कपाटामागून पेली-रॉबसनचा तक्ता काढायला लावला. यात सगळी अक्षरं एकाच मापाची, फक्त तीन-तीनच्या गटाने फिकट होत जातात. एक मीटरवर उभं राहून वाचायचं. नेहमीच्या तक्त्यावर माझा उजवा डोळा ६/९, म्हणजे जवळपास ठीक होता, म्हणून ‘अजून पिकला नाही, थांबू’ असं ठरलेलं. या तक्त्यावर डावा १.६५, उजवा १.२०; आकडा जितका मोठा तितकं फिकट अक्षर वाचता येतं, आणि एका गटाला ०.१५. तीन गटांचा फरक, म्हणजे उजव्याला जवळपास तिप्पट गडद अक्षर लागत होतं. तक्त्यावर ट्यूबलाइटची चकाकी पडते आणि खालची कड पिवळी पडली आहे, तेवढं त्यांनी सुधारावं. बाईंनी तिथेच उजव्याची तारीख दिली. तोवर गॉगलची उजवी काच काढून डाव्या, चांगल्या डोळ्यापुढे काळी ठेवा म्हणाल्या. लंबक लगेच बराचसा सपाट झाला. मी तसा भाजी आणायला गेलो, भाजीवाली दोन दिवस हसत होती.

मोनोव्हिजनचं राहिलं. यातलं उलटं प्रकरण २०१९ मध्ये बर्ज या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी छापलं: प्रतिमेचा उजेड कमी न होता ती नुसती फोकस सुटून धूसर झाली तर ती उशिरा नव्हे, लवकर पोहोचते, कारण बारीक तपशील वाचायला मेंदूला जास्त वेळ लागतो आणि धूसर प्रतिमेत तो तपशीलच उरत नाही. म्हणजे एक डोळा लांबचा, एक जवळचा केला की आडव्या जाणाऱ्या सायकलीचं अंतर पुन्हा चुकणार. कित्येक लोक मोनोव्हिजनवर मजेत आहेत, माझा आक्षेप त्याला नाही. पण काउन्सेलरच्या खोलीत रस्त्याचा विषय निघत नाही, निघतो तो पेपर वाचण्याचा.

उजवा डोळा सहा आठवड्यांपूर्वी झाला. तितकाच सफाईदार.

पाचपैकी चार. तुम्ही जाणार असाल तर दुपारी बारानंतर जा, पार्किंग मिळतं, आणि कपाटामागचा तक्ता स्वतःहून मागा.