जुन्या फोटोतली माणसं ओळखायची तर आधी कुणाकडे जावं?

लग्नातला ग्रुप फोटो, वीसेक चेहरे आणि नावं ठाऊक फक्त तिघांची. अशा वेळी वाटा चार: घरातली वडीलधारी मंडळी, फोटोचा कागद आणि पेहराव, कुळाच्या नोंदी, नाहीतर चेहरे जुळवणारं ॲप. आधी वडीलधाऱ्यांकडेच जा. बाकीचं पुढच्या वर्षीही हाताशी असेल.

मात्र आठवण पटकन वळते. "ही माईआत्याच ना?" असं विचारलंत की उत्तर "हो" येतं. फोटो 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, मागची बाजूही स्कॅन करा. अगदी छोटा असेल तर 1200. काळ्या पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. मोठ्या प्रिंटवर प्रत्येक डोक्याला क्रमांक द्या आणि एकेकाला वेगळं गाठून विचारा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्याने सांगितलेलं नावच सगळे उचलून धरतात. नावाआधी प्रसंग विचारा: घर कुणाचं, मुंज कुणाची? टोपणनाव मिळालं तर पाळण्यातलं नाव, गाव आणि बाईचं माहेर तिथल्या तिथे लिहून घ्या.

कागद नाव सांगत नाही, पण चुकीचं नाव खोडायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ, पिवळट-तपकिरी प्रिंट बहुधा एकोणिसाव्या शतकातला. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर प्रिंट साधारण 1970 नंतरचा. अर्थात तो जुन्या फोटोची नवी प्रतही असू शकतो, म्हणून एकट्या कागदावर निकाल देऊ नका. पेहरावात म्हाताऱ्या बायकांवर विसंबू नका, नऊवारी त्यांनी जन्मभर नेसली. तरुण मुली आणि पोरांचे कपडे पाहा. फोटोच्या पाठीवर शके असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यादरम्यानची तारीख असेल तर 79. नथ उजव्या नाकपुडीत किंवा जानवं उजव्या खांद्यावर दिसलं (आणि प्रसंग श्राद्धाचा नाही), तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असावी. मग "डावीकडून तिसरे" ही जुनी नोंदही उलटी वाचावी लागेल.

कुलवृत्तान्त (कुळाच्या वंशावळीचं पुस्तक) छापलेला असेल तर सुनांची माहेरची नावं आणि पिढ्यांचा क्रम त्यात सापडतो. नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांची नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींच्या वह्या, पाहा. तिथे जाताना आडनाव आणि मूळ गाव पक्कं हवं. चेहरा मात्र यातून कळणार नाही. उमेदवार दोन-तीनच उरले की या नोंदी खऱ्या कामाच्या.

गूगल फोटोजसारखं ॲप शेवटी. शेकडो फोटोंच्या ढिगातून एकच चेहरा गोळा करायला ते उत्तम, पण नाव तुम्हीच द्यायचं असतं. सख्खे भाऊ ते एक करून टाकतं, आणि दहा वर्षांचा मुलगा व साठीचा तोच गृहस्थ अनेकदा वेगळे ठेवतं. दुसरा पुरावा नसेल तर ॲपने जुळवलेली जोडी मानू नका.

ठरलेलं नाव मऊ पेन्सिलीने पाठीच्या कडेला लिहा, कुणी सांगितलं तेही, आणि शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल धरत नाही, तिथे नाव कागदी पाकिटावर लिहा, फोटो आत घालण्याआधी.