अकरा महिने एलईडी ग्रो लाईट वापरल्यावर

ज्या खोलीत ऊन अजिबात येत नाही, तिथे माझं चार कप्प्यांचं रॅक आहे. त्यावर मिरचीची रोपं, मनी प्लांट, कलांचोची एक कुंडी आणि काही फर्न. शेजारी ६० सेंटीमीटर लांबीचा, वनस्पती लावलेला फिश टँक. एवढ्या पसाऱ्यावर अकरा महिन्यांत तीन दिवे वापरून झाले: आधी जांभळा पॅनेल, मग त्याच्या जागी पांढऱ्या पट्ट्या, आणि टँकवर पहिल्यापासून एक वेगळा दिवा.

जांभळ्या पॅनेलचं आधी सांगते, कारण तो घेतल्याचा मला खरोखर पश्चात्ताप झाला. खोक्यावर १००० वॅट छापलेलं होतं. वॅटमीटर लावून पाहिलं तर पॅनेल खेचत होता जेमतेम १०५. असले आकडे कुठल्या तरी जुन्या दिव्याशी तुलना करून छापतात, त्यांचा विजेशी संबंध नसतो. तुम्ही घेताना प्लगमधून प्रत्यक्ष किती वॅट खेचतो एवढंच विचारा, आणि ते लिहिलेलं नसेल तर तो दिवा घेऊ नका.

रंग जांभळा का, याला कारण आहे. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं, म्हणून पॅनेलमध्ये तेवढेच दोन रंग भरले. पण हिरवा प्रकाश वाया जातो हा समज अर्धवट आहे. तो पानात जास्त खोलवर शिरतो, वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंत पोचतो आणि तिथे वापरलाही जातो. माझी खरी अडचण मात्र वेगळीच होती. जांभळ्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं, पिवळं पडलेलं पान ओळखू येत नाही. एकदा मिरचीची कुंडी पाणी घालायला म्हणून दुसऱ्या खोलीत नेली आणि पान उलटून पाहिलं तर खाली बारीक जाळी, पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके. लाल कोळी! कितीतरी दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर वाढत होते आणि मला दिसले नव्हते. चार रोपं गेली. त्याच आठवड्यात पॅनेल काढला आणि पांढऱ्या पट्ट्या लावल्या. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग इतर रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा, थर. त्यामुळे निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग त्यात असतात, रोपांना तेवढं पुरतं आणि आपल्याला रोप नीट बघता येतं.

अंतराने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पहिल्या खेपेला पट्टी रोपांच्या ६० सेंटीमीटर वर टांगली. दहा दिवसांत रोपं लांबुडकी झाली, दोन पेरांमधलं अंतर माझ्या बोटाएवढं आणि देठ इतके लुळे की कुंडी हलवली की माना टाकत. मग घाबरून पट्टी १५ सेंटीमीटरवर आणली, तर शेंड्याची पानं फिकट पडून वरच्या बाजूला वळायला लागली. शेवटी ३० वर बसली. हा आकडा माझ्या पट्टीचा, तुमचा वेगळा येईल. रोज पेरं बघा, ती स्वतःच सांगतात. आणि कमी उजेडात वाढलेलं रोप एकदम जवळ आणू नका. त्याची पानं मंद उजेडाला सरावलेली असतात, आठवडाभर दिवा थोडा थोडा खाली आणा.

मोजायचं असेल तर लुमेनच्या मागे लागू नका. लुमेन माणसाच्या डोळ्यासाठी आहे, आपला डोळा हिरव्याला भुलतो. रोपांसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश मोजतात, चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल असा (मोल म्हणजे इथे प्रकाशाचे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). माझ्याकडे त्याचं मीटर नाही. फोनच्या अ‍ॅपवर लक्स बघते आणि पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ७० ने भागते. अंदाज येतो, काम भागतं. मिरचीवर २०० च्या आसपास, दिवसाचे १४ तास. २०० गुणिले १४ गुणिले ०.००३६ (तासाचे ३६०० सेकंद, भागिले दहा लाख) केलं की दिवसभराचा हिशोब निघतो, साधारण १० मोल. मनी प्लांटला त्याच्या पाव भागातही आनंद आहे. हा हिशोब समजल्यापासून मी दिवा जवळ आणण्याऐवजी तास वाढवायला शिकले, जळण्याची भीती गेली.

पण तास वाढवण्यालाही मर्यादा आहे, ती मला कलांचोने दाखवली. आणली तेव्हा फुलांनी भरलेली होती. फुलं गळल्यावर १४ तासांच्या दिव्याखाली ठेवली. पानं अशी टवटवीत, जाड, चकचकीत की काही कमी आहे असं वाटलंच नाही. पण पाच महिने एक कळी नाही. कलांचोला फुलायला लांब रात्र लागते, आणि मी तिला रात्रच देत नव्हते. मग रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर पुठ्ठ्याचं खोकं, सकाळी आठला काढायचं. चौदा तास मिट्ट काळोख. सहा आठवडे एक दिवस चुकवला नाही. पाचव्या आठवड्यात शेंड्याला मोहरीएवढ्या कळ्यांचा झुबका दिसला तेव्हा मी खोकं हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभी होते.

आता टँक. इथे चूक वेगळी होते, कारण जास्तीच्या उजेडाचा फायदा शेवाळ आधी घेतं. सुरुवातीला दिवा पूर्ण क्षमतेवर, दहा तास. तिसऱ्या आठवड्यात अनुबियासच्या पानांवर हिरवे केस. अनुबियास, जावा फर्न यांची वाढ संथ, एकच पान महिनोन् महिने उजेडात राहतं, म्हणून शेवाळ तिथेच आधी बसतं. माझ्या टँकला कार्बन डायऑक्साइडची जोड नाही, तेव्हा एवढा उजेड वनस्पतींना वापरताच येत नव्हता. दिवा ६० टक्क्यांवर आणला, तास सहा केले, भराभर वाढणाऱ्या वॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या चार जुड्या लावल्या, आठवड्याला पाणी बदललं. दोन महिने लागले, पण टँक सुधारला. पाणी लाल रंग आधी शोषतं म्हणून टँकला खास लाल दिवा हवा, असं ऐकाल. खोल पाण्यात ते खरं, ३०-३५ सेंटीमीटरच्या टँकमध्ये त्याने काही बिघडत नाही.

टँकच्या दिव्यात मला सगळ्यात मोलाची वाटलेली सोय म्हणजे हळूहळू उजाडणं. नियॉन टेट्रा रात्री फिके पडतात, त्यांचा निळा पट्टा जवळपास पुसला जातो. आधी दिवा एकदम लागायचा आणि ते बिचारे काचेवर धडका घ्यायचे. आता अर्ध्या तासात उजेड चढतो. सकाळी समोर बसलं की फिकट मासे तळाशी एका जागी थांबलेले दिसतात आणि मग एकेकाचा पट्टा परत निळा होत जातो. ही सोय नसलेला दिवा मी आता टँकवर लावणार नाही.

थोडं देखभालीचं. दिव्याखालची माती लवकर सुकते, पाण्याचं वेळापत्रक बदलावं लागतं. टँकच्या दिव्याच्या झाकणावर पाण्याच्या शिंतोड्यांची पांढरी पुटं चढतात आणि उजेड खातात. प्लग काढून, थंड झाल्यावर व्हिनेगरच्या फडक्याने पुसते. टँकजवळच्या वायरला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता तिथेच टपकेल. सातव्या महिन्यात एका पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे चिपना हवी तशी वीज पुरवणारा भाग, गेला. चिप सगळ्या शाबूत होत्या, पण ड्रायव्हर आतच चिकटवलेला, त्यामुळे अख्खी पट्टी टाकावी लागली. विक्रेत्याने हात वर केले. दुसरी घेतली ती ड्रायव्हर बाहेर असलेली आणि पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी असलेली. हात लावला तर कोमट लागते, चटका बसत नाही.

टायमर चारही कप्प्यांना वेगळे आहेत. कलांचोचं खोकं सुटलं, ती आता चौथ्या कप्प्यात दहा तासांवर आहे आणि कालच पहिलं फूल उघडलं.