रिव्हर्स ऑक्शनचे सॉफ्टवेअर : वर्षभराच्या वापरानंतर

नूतनीकरणाचे बिल गेल्या वर्षापेक्षा चढे आले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वाळूज एमआयडीसीतील आमच्या पंपांच्या कारखान्यात पूर्वी तीन कोटेशन मागवून फोनवर घासाघीस होत असे. त्या जागी हे सॉफ्टवेअर आले : पुरवठादार ठरलेल्या वेळेत त्यावर उतरत्या दराची बोली लावतात, आणि सर्वांत कमी दर पहिला ठरतो.

सर्वांत अधिक मनस्ताप दिला तो घड्याळाने. शेवटच्या तीन मिनिटांत कोणीही दर उतरवला की मुदत आपोआप तीन मिनिटे वाढते, आणि किमान घट पाच पैशांचीच असल्यामुळे जालन्याचा एक व चिकलठाण्याचा एक असे दोन खोकेवाले पाच-पाच पैशांनी एकमेकांना खाली ढकलत जेवणाची सुट्टी टळेपर्यंत बसले. ही घट वाढवण्याची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, असे सेवा विभागाने कळवले. एका रकान्यातला आकडा बदलण्यासाठी वेगळे पैसे मागणे मला आजही पटलेले नाही. आता मी बोलीची वेळ संध्याकाळी पाचची ठेवतो. पुरवठादारांनाही घरी जायचे असल्याने हा खेळ लवकर आटोपतो.

दर मात्र खरोखर उतरला, आणि मी खूश होतो. पावसाळ्यात थप्पीतली खालची खोकी बसू लागली, तेव्हा मत बदलले. पाच प्लायच्या, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या खोक्याचा दहा सेंटिमीटर चौरस तुकडा कापून काट्यावर ठेवला. १५० जीएसएमचा (चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कागद असता तर, मधल्या दोन नागमोडी थरांना लागणारा जादा कागद धरून, तो पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता. भरला जेमतेम सात. पुरवठादाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता, कारण बोलीच्या तपशिलात फक्त माप आणि प्लाय होते, आणि यंत्राने क्रमवारी लावली ती निव्वळ दरावर.

आता जीएसएम, बर्स्टिंग फॅक्टर (कागद किती दाबाला फाटतो त्याचे माप), वाहतुकीसह पोहोच दर आणि बिलाची मुदत हे सारे आधीच लिहिलेले असते. लघुउद्योजकाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात, त्यामुळे उधारी लांबवून दर पाडण्याचा मार्ग तसाही बंद आहे. दर थोडा चढला, तरी जुन्या कोटेशनपेक्षा खालीच राहिला.

खोकी, नट-बोल्ट आणि पॅकिंग पट्टीपुरते नूतनीकरण केले, तेही खालच्याच प्लॅनचे. कास्टिंग, म्हणजे पंपांचे ओतीव भाग, त्यात घातलेले नाही. आमचे पॅटर्न (ओतकामाचे साचे बनवायचे नमुने) एकाच फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, पडून आहेत. ते हलवून नवे नमुने मंजूर करून घेण्याचा खर्च बोलीतल्या बचतीला गिळून टाकतो, म्हणून तिथे फोनवरची घासाघीसच चालू आहे.