षडंगोदकाची भरड: तापासाठी आणली, तहानेला कामी आली

जुलैत सासूबाईंना फ्लू झाला. वय ७४, त्यात मधुमेह, आणि ताप १०२.४. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ओसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू केलं, कारण ते लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. सोबत पॅरासिटामॉल. गोळ्या वेळेवर जात होत्या, अडलं ते पाण्यापाशी. तोंडाला चव नाही म्हणून आई दोन घोट घ्यायच्या आणि भांडं बाजूला सारायच्या. त्या वयात ताप असताना पोटात पाणी नाही, याची मला फार धास्ती वाटत होती.

आधी तयार काढ्याची बाटली आणली. घरी येऊन लेबल वाचलं तर त्यात साखरेचा पाक! ती तशीच परत केली. मग ओळखीच्या वैद्यबाईंनी षडंगोदक, म्हणजे सहा औषधी द्रव्यं घालून उकळलेलं पाणी, सुचवलं. डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून भरड आणली, १०० ग्रॅमला ९० रुपये.

यात सहा द्रव्यं असतात: नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, रक्तचंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ. चरकसंहितेत तापाच्या चिकित्सेत हे मिश्रण आहे, आणि तिथेच ते ताप आणि तहान या दोन्हींसाठी सांगितलंय. भरडीच्या ६४ पट पाणी घ्यायचं आणि निम्मं राहीपर्यंत आटवायचं. म्हणजे १० ग्रॅमला ६४० मिली पाणी, गाळल्यावर ३२० उरतं. ते गार करून दिवसभर थोडं थोडं द्यायचं. काढ्यासारखं घट्ट आणि जहाल होत नाही, ते यामुळेच.

पुडी उघडल्या उघडल्या नागरमोथ्याचा वास आला, तिथेच माल ताजा असल्याची खात्री पटली. भरड जाडसर कुटलेली होती, वाळ्याची मुळं आणि सुंठेच्या रेषा वेगळ्या दिसत होत्या. (मागे एकदा दुसरीकडून असंच काही घेतलं होतं, तेव्हा पिठासारखी पूड आणि कुबट वास निघाला होता.) पाण्याला फिकट तांबूस रंग येतो, चव किंचित तुरट, मागून सुंठेचा चटका. आईंनी पहिली वाटी संपवली आणि म्हणाल्या, "अगं, हे घशाखाली जातंय. अजून दे." त्या दिवशी मी ते पातेलं दोनदा चढवलं.

आता तापाचं. मी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या. सकाळी पॅरासिटामॉलनंतर दीड तासात १०२.४चा १००.२ झाला. दुपारी गोळीची वेळ व्हायची होती, तेव्हा नुसतं षडंगोदक दिलं, तर १०१.६चा तासाभराने १०१.४, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. चौथ्या दिवशी ताप उतरला, पण फ्लूचा ताप बहुतेकदा तीन-चार दिवसांत उतरतोच, शिवाय ओसेल्टामिव्हिर चालू होतं. त्याचं श्रेय मी या पुडीला देणार नाही. पण चार दिवसांत सलाईन लावायची वेळ आली नाही, लघवी नीट होत होती, ओठ सुकले नाहीत. ते पाण्यामुळे, आणि ते पाणी पोटात गेलं या चवीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार एकच, पण मोठी. पुडीवर ना तारीख, ना प्रमाण, ना घटक. काउंटरवरच्या काकांनी विचारल्यावर सगळं नीट सांगितलं, पण न विचारणाऱ्याचं काय? पित्तपापड्याच्या नावाखाली तर वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे नेमकी कुठली घातलीय हे लिहिलेलं असायलाच हवं.

आणि धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस बरळत असेल, तर पातेलं गॅसवर ठेवत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पुण्याने २००९चा स्वाइन फ्लू पाहिलाय, देशातला त्याचा पहिला मृत्यू इथेच झाला होता.

उरलेली भरड काचेच्या बरणीत भरून ठेवलीय. पुढच्या वेळी सहाही द्रव्यं वेगवेगळ्या पुड्यांत मागणार आहे आणि घरीच कुटणार आहे.