नवी मॅग की कंपनीची उतरवलेली: क्रेटाच्या चाकांची निवड

खालच्या मॉडेलची क्रेटा वापरणाऱ्याला टायर संपत आले की एकाच वेळी दोन गोष्टी दिसू लागतात. टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरच्या खुणेला टेकलेली असते, आणि पोलादी डिस्कवरची, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकावरची, प्लॅस्टिकची टोपणे, एखादे कायमचे हरवलेले व उरलेली ओरखडलेली, डोळ्यांना खुपत असतात. टायर बदलायचेच आहेत तर डिस्कही बदलून मॅग, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची डिस्क, घालून टाकू, हा विचार तिथूनच सुरू होतो. मीही तिथूनच सुरुवात केली. गेल्या चार वर्षांत मी स्वतः चाकांचे दोन संच वापरले आणि तिसरा मेव्हण्याच्या गाडीत पुष्कळ अनुभवला. पुढे जे लिहितो आहे त्याला कुठल्याही यंत्राचे मोजमाप नाही. मुलुंड ते चिपळूण अशा खेपांमध्ये, आई, पत्नी आणि दोन मुलांसह बसून झालेले ते मत आहे.

आकारांचा हिशोब थोडक्यात सांगतो. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि ‘आर’नंतरचा डिस्कचा व्यास इंचांत सांगतो. मूळ २०५/६५ आर१६ चाकाची उंची सुमारे ६७३ मिलिमीटर भरते. त्याच व्यासाच्या डिस्कवर २१५/६५ आर१६ घातले, म्हणजे डस्टरवर असायचा तोच आकार, तर ती ६८६ होते. वरच्या मॉडेलला कंपनी देते त्या २१५/६० आर१७ ने ६९० होते. आणि १८ इंचांवर २२५/५० घेतले तर ६८२. अडीच टक्क्यांच्या आतबाहेरचा हा फरक स्पीडोमीटरला फारसा जाणवत नाही. जाणवतो तो टायरच्या भिंतीचा. २१५ रुंदीच्या १६ इंचीत ती जवळजवळ १४ सेंटिमीटर, १७ मध्ये १३ आणि १८ मध्ये सव्वाअकरा आहे.

१८ इंचांबद्दल फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. मेव्हण्याची गाडी उभी असताना माझ्या गाडीपेक्षा निश्चितच देखणी दिसते. परंतु काँक्रीटच्या रस्त्याचा सांधा आणि चौकातले उचकटलेले पेव्हर ब्लॉक ज्याला रोज ओलांडायचे आहेत, त्याने ती सव्वाअकरा सेंटिमीटरची भिंत एकदा बोटांनी दाबून पाहावी. एका पावसाळ्यात त्याच्या दोन टायरांना फुगे आले. विम्याकडे गेल्यावर त्याला कळले की, नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काहीच मिळत नाही; त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झालेले असेल, तरच टायरच्या किमतीचा निम्मा भाग मिळतो. ज्याची गाडी प्रामुख्याने अटल सेतू आणि कोस्टल रोडवरूनच फिरते त्याने हा पर्याय जरूर विचारात घ्यावा.

खरी निवड उरते ती १७ इंचांतल्या दोन प्रकारांमध्ये. एक, बाजारात मिळणारी नवी मॅग. दुसरी, कंपनीची, म्हणजे कोणीतरी वरच्या मॉडेलची नवी गाडी घेऊन, हौसेने मोठी चाके बसवताना दुकानातच सोडून दिलेली. कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर दोन्ही एकाच फळीवर शेजारीशेजारी लटकलेली दिसतात. मी आधी नवी घेतली आणि दीड वर्षाने उतरवलेली. टायर दोन्ही वेळा तेच चार होते, गाडीही तीच, त्यामुळे फरक पडला तो केवळ डिस्कचा, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

नव्या मॅगच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी प्रामाणिकपणे बोलतो. डिझाइनची निवड करता येते, रंग कोरा असतो, बिल मिळते, एखादी डिस्क वाकली तर तशीच दुसरी मागवता येते. मुलांनी काळ्या रंगावर चकचकीत कड असलेली पसंत केली आणि पहिला महिनाभर मीही इमारतीच्या गच्चीवरून खाली वाकून गाडी पाहत असे. उतरवलेल्या चाकांना मात्र एकच डिझाइन असते, जे सोसायटीतल्या आणखी तीन क्रेटांवर असते, आणि चारपैकी एकावर आधीच्या मालकाने फुटपाथला घासल्याची खूण बहुधा असतेच.

नव्या मॅगची पहिली बारीक अडचण ऑफसेटची, म्हणजे डिस्कच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे टेकते त्या पृष्ठभागापर्यंतच्या अंतराची, होती. पाच नटांचे ११४.३ मिलिमीटरचे वर्तुळ जुळले की दुकानदार ‘बसते’ म्हणून मोकळा होतो, आणि ती बसतेही. पण ऑफसेट १० मिलिमीटरने कमी आणि रुंदी एक इंचाने जास्त असली, तर चाकाची बाहेरची कड सुमारे २३ मिलिमीटर बाहेर येते. माझ्या चाकांचा प्रकार इतका टोकाचा नव्हता, तरीही पावसाळ्यात दारांवर चिखलाचा जो पट्टा उठू लागला तो पूर्वी कधी उठला नव्हता. गाडी धुणाऱ्याने आठवड्याभरातच विचारले, “साहेब, गावाला जाऊन आलात का?” आम्ही कांजूरमार्गपर्यंतच गेलो होतो. याची सवय झाली असती. सवय झाली नाही ती रिंगची.

चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागाला ते नटांनी जोडतात त्यावर, ज्या मधल्या भोकाने बसते त्याचा व्यास वेगवेगळ्या गाड्यांचा वेगळा असतो. पाच नटांच्या याच ११४.३ च्या वर्तुळाच्या गाड्यांत हुंडाई आणि किया यांचा ६७.१ मिलिमीटर, होंडाचा ६४.१, मारुती आणि टोयोटाचा ६०.१. बाजारातली मॅग सगळ्यांना विकता यावी म्हणून तिचे भोक मोठे ठेवतात, पुष्कळदा ७३.१. मग उरलेली फट भरण्यासाठी आत एक रिंग बसवतात, जिची जाडी फक्त तीन मिलिमीटर असते. जाणकार म्हणतात की शंकूच्या आकाराचे नट चाकाला आपोआप मध्यावर आणतात आणि रिंग ही केवळ बसवतानाची सोय आहे. हे तत्त्वतः खरे असावे, पण त्यासाठी चाक जमिनीपासून उचललेले असताना, नट समोरासमोरचे, थोडेथोडे करून, हातपान्ह्याने आवळावे लागतात. हे माझ्या गाडीच्या वाट्याला क्वचितच आले.

गणपतीला गावी जाताना नागोठण्याच्या पुढे डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात खिळा गेला. मुंबई-गोवा रस्त्यावर त्या दिवसांत कशी रांग असते हे सांगायला नको. टपरीवरच्या पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत काम केले, पाचही नट एकापाठोपाठ एक खटाखट आवळले आणि आम्ही निघालो. कोलाड सोडून रस्ता मोकळा मिळाला, तशी ऐंशीच्या आसपास स्टीअरिंगला एक बारीक थरथर सुरू झाली. सत्तरला ती नाहीशी होई, नव्वदला डॅशबोर्डावरची गणपतीची छोटी मूर्तीही डोलू लागे. आई म्हणाली, “रस्ता खराब आहे का रे?” रस्ता तेवढ्या टप्प्यात उत्तम होता.

बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेले, वजन पडले असेल असे समजून चिपळूणला दोन दुकानांत चाक यंत्रावर चढवले आणि दोन्हीकडे काटा शून्यावर आला. आता विचार करता त्यात नवल नाही. बॅलन्सिंगचे यंत्र मधल्या भोकात स्वतःचा शंकू घालून चाक धरते, म्हणजे यंत्रावर ते अगदी मध्यावर असते. बिघाड हबवर होता, जिथे ते केसभर खाली सरकून बसले होते. परतीच्या वाटेवर त्याच टपरीवर हवा भरायला थांबलो, तेव्हा पंक्चरवाल्याने पत्र्याच्या डब्यातून एक काळी बांगडी काढून पुढे केली. “साहेब, हे तुमचंच का? चाकातून प्लॅस्टिक निघालं होतं, मी कचरा समजून बाजूला टाकलं.” रिंग बसवली, चाक उचलून पुन्हा आवळले, आणि पनवेलपर्यंत गाडी लोण्यासारखी आली.

दोष त्याचा नव्हता. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या चाकांत असे काही नसते. त्यानंतर दीड वर्षात टायर आलटूनपालटून लावताना एकदा एक रिंग तडकलेली सापडली, आणि एकदा सर्व्हिसला दिलेली गाडी तीनच रिंगांसह परत आली. प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतल्या, तर पावसाळ्यानंतर त्या हबला चिकटून बसल्या आणि हातोडीचे हलके ठोके देऊन काढाव्या लागल्या. प्रत्येक वेळी चाक निघाले की मला शेजारी उभे राहून ‘आतली रिंग बघा’ असे सांगावे लागे. दुरुस्तीचा खर्च किरकोळच होता. पण पत्नी एकटी गाडी घेऊन गेली असताना पंक्चर झाले, तर तिनेही हे सांगण्याचे लक्षात ठेवले पाहिजे, ही गोष्ट मला पटेना.

कंपनीच्या उतरवलेल्या चाकांत हा प्रकारच नाही. भोक ६७.१ चेच असल्याने चाक हबवर ठेवले की खट असा आवाज होऊन ते आपल्या जागी बसते, मग नट कुठल्याही क्रमाने आवळले गेले तरी ते मध्यावरून सरकत नाही. टायर त्यांच्यावर चढवल्यापासून तीन पंक्चर झाली, तिन्ही वेगवेगळ्या हातांनी काढली, आणि थरथर एकदाही आली नाही. दारांवरचा चिखलाचा पट्टाही गेला.

अर्थात ती घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. मी टायर नसलेली डिस्क यंत्रावर फिरवून तिची आतली कड पाहायला सांगितली. बाहेरची कड सगळेच पाहतात, पण खड्ड्यात वाकते ती बहुधा आतली. चारपैकी एका डिस्कच्या मागच्या बाजूला ताजा रंग होता आणि नखाने खरवडल्यावर खाली वेल्डिंगचा उंचवटा लागला, ती मी परत केली. हुबेहूब दिसणाऱ्या नकलाही विकल्या जातात, म्हणून आऱ्यांच्या मागे ओतलेला आकार, ऑफसेट आणि कंपनीची खूण वाचून घ्यावी. बिलाशिवाय मात्र अजिबात घेऊ नये. रात्री चाके चोरून विटांवर उभ्या केलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत आणि ती चाके कुठल्या तरी फळीवर जातातच.

ज्याला दिसण्याशी फारसे देणेघेणे नाही आणि ज्याचा रोजचा रस्ता फारच वाईट आहे, त्याच्यासाठी १६ इंचीतला पर्याय मला आजही आदरणीय वाटतो: जुन्या पोलादी डिस्क तशाच ठेवून २१५/६५ आर१६ टायर. पोलादी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते. माझ्याकडे तेव्हा एवढा समजूतदारपणा नव्हता, आणि खरे सांगायचे तर मुलांनी तो चालू दिला नसता.

टायरांबद्दल एवढेच की, केवळ नावावर जाऊ नये. अपोलोची अप्टेरा किंवा योकोहामाची जिओलँडर या एकाच नावाखाली हायवेची एचटी आणि कच्च्या रस्त्याची एटी अशा निरनिराळ्या नक्ष्या मिळतात. कुटुंबाच्या गाडीला एटी घेतली तर काँक्रीटवर तिचा जो गुणगुणाट येतो त्यात मागच्या सीटवरचे बोलणे हरवते. मी एचटी घेतली. भारांक मूळच्या ९५ पेक्षा, म्हणजे चाकामागे ६९० किलोपेक्षा, कमी घेऊ नये; २१५/६० आर१७ मध्ये ९६ सहज मिळतो. भिंतीवरचे चार आकडे टायर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते दुकानातच पाहावेत, कारण घरी आल्यावर पाहून उपयोग नसतो.

स्टेपनी माझी जुनीच, १६ इंची पोलादी आहे. तिची उंची इतर तिघांपेक्षा १७ मिलिमीटर कमी भरते, तेव्हा पंक्चरच्या दुकानापर्यंतच ती वापरतो. शिवाय चाके कंपनीची असली तरी माझ्या मॉडेलबरोबर ती आलेली नव्हती, म्हणून विम्याच्या नूतनीकरणात मी त्यांची नोंद करून घेतली आणि थोडा जास्त हप्ता भरला.

नवी मॅग मी टायरांशिवाय विकली. घेणारा तरुण होता, त्याच्याकडेही क्रेटाच होती, आणि त्याला तो काळा रंग पाहताक्षणी आवडला. मी चाक पालथे ठेवून आतले भोक दाखवले आणि चार रिंगा, शिवाय जादा आणून ठेवलेल्या दोन, एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिल्या. त्याने पिशवी हलवून पाहिली आणि म्हणाला, “हे काय आहे, काका? दुकानदाराने तर कधी दाखवलं नाही.”