हॉब्सन-जॉब्सन : ‘ठग’ या एका नोंदीवरून कोशाची पारख

हजारांहून अधिक पानांचा कोश कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. शितावरूनच भाताची परीक्षा करावी लागते. ‘हॉब्सन-जॉब्सन’ पारखण्यासाठी मी शीत म्हणून ‘ठग’ हा शब्द निवडला, कारण इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांपैकी इतकी वळणे घेतलेला दुसरा शब्द मला चटकन आठवत नाही.

हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात रुळलेल्या देशी शब्दांचा हा कोश हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी रचला. तो 1886 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बर्नेल हयात नव्हते. विल्यम क्रुक यांनी संपादित केलेली वाढीव आवृत्ती 1903 मध्ये आली आणि आज सहसा तीच वापरली जाते. कोशाचे नावही एका गमतीदार अपभ्रंशातून आले आहे : मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसैन!’ या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले.

‘ठग’ची नोंद उघडली की पहिल्याच ओळीत संस्कृत ‘स्थग’ आणि मराठी ‘ठक’ भेटतात. मूळ अर्थ लबाड, फसवणारा एवढाच असून 1808 च्या एका शब्दसंग्रहात तेवढाच दिलेला आहे, हे संपादक प्रामाणिकपणे नमूद करतात. वाटसरूंशी गोड बोलून, त्यांचा विश्वास संपादून रुमालाने गळा आवळणारा तो ठग, हा अर्थ नंतर चिकटला. अशा गुन्हेगारांचे खरे नाव ‘फांसीगर’ होते, हेही नोंदीत आहे. पुढे कालक्रमाने अवतरणे येतात आणि माझ्या मते कोशाची खरी किंमत त्यांतच आहे. चौदाव्या शतकातील इतिहासकार बरनी याच्या इतिहासातील उताऱ्यानुसार 1290 च्या सुमारास दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले आणि सुलतानाने त्यांना ठार न करता होड्यांत बसवून बंगालमधील लखनौतीकडे सोडून दिले. थेवनो हा फ्रेंच प्रवासी 1665 च्या सुमारास दिल्ली-आग्रा वाटेवरील फास टाकणाऱ्या चोरांचे वर्णन करतो. बारकाईने वाचणाऱ्याच्या लक्षात येते की बरनीच्या उताऱ्यात ठग आहेत पण फास नाही, आणि थेवनोच्या उताऱ्यात फास आहे पण ‘ठग’ हा शब्द नाही. या दोन धाग्यांची गाठ पक्की बसली ती कंपनी सरकारच्या काळात.

ही गाठ कोणी मारली, हा प्रश्न मात्र कोश विचारत नाही, आणि येथे तो मला उणा वाटतो. कंपनीचे अधिकारी विल्यम स्लीमन यांची ठगांविरुद्धची मोहीम, माफीच्या साक्षीदारांचे जबाब, ठगांच्या ‘रामासी’ बोलीचा त्यांनी 1836 मध्ये छापलेला संग्रह आणि केवळ टोळीत असल्याबद्दल जन्मठेप देणारा त्याच वर्षीचा कायदा, या सगळ्यांनी एका सैल शब्दाला कायद्याची चौकट दिली. पुढे भारतीय दंड संहितेच्या 310 व्या कलमाने खुनासह लूट किंवा मुले पळवणे यांसाठी नेहमी टोळी करणाऱ्याला ‘ठग’ ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम उरलेले नाही. यूल यांच्या पिढीला स्लीमन यांच्या कथनावर संशय घेण्याचे कारण वाटले नसावे. आजच्या वाचकाने तो घेऊनच नोंद वाचावी.

कोश 1903 मध्ये थांबतो, आणि शब्द तर पुढे अमेरिकेत जाऊन कोणत्याही दांडगट गुंडाला लागू झाला. तूपाक शकूर या रॅप गायकाने ‘थग लाइफ’ ही अक्षरे पोटावर गोंदवून घेतली. 2014 मध्ये रिचर्ड शर्मन या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूने, कृष्णवर्णीयांना उघड शिवी देता येत नाही म्हणून लोक हा शब्द वापरतात, अशा आशयाची तक्रार केली. यांतले काही या कोशात मिळणार नाही, याची कल्पना असावी. देवनागरी लिपीचा अभाव ही आणखी एक अडचण आहे. ‘बदमाश’ आणि ‘पेंढारी’ हे शब्द साहेबी वर्णलेखनाच्या अंदाजाने शोधावे लागतात. ‘पेंढारी’पर्यंत पोहोचलात, तर भाताच्या पेंढ्याशी जोडलेली त्याची व्युत्पत्ती जरूर वाचा, मला ती पटली नाही, पण वाद वाचनीय आहे.

मराठी वाचकाने या कोशाशेजारी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश ठेवावा, असे मी सुचवेन. ‘ठकवणे’, ‘ठकसेन’, ‘ठकास महाठक’ यांत गळफासाचा मागमूस नाही. बँकेतून बोलतो असे सांगून गंडा घालणारा आजही आपल्याकडे ठगच असतो. मात्र मोबाइलवरच्या चित्रफितीत शिक्षकाला बिनतोड उत्तर देणाऱ्या पोराला मुले ‘ठग’ म्हणत नाहीत, ‘थग’ म्हणतात. परदेशी उच्चार घेऊन परतलेल्या या शब्दाला मराठी कोशात स्वतंत्र नोंद द्यावी लागेल, असे मला वाटते.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ‘हॉब्सन-जॉब्सन’ विनामूल्य शोधता येतो. छापील प्रत मात्र, पाने चाळता चाळता भलत्याच शब्दात अडकण्याची हौस असेल, त्यानेच घ्यावी.