पैठणच्या बाजूला मिळणारी बोटुकली: परसातल्या तळ्याला चालेल का?

रोहू, कटला, मृगळ अशी मिश्र बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत देतात. आकार तीन-चार इंच, शेपट्या शाबूत, पिशवीला टिचकी मारली की झुंड झटकन पळते. माल चांगला. खोट एकच: त्यात चार तिलापिया निघाल्या. चारच, पण त्या तळ्यातच पिल्लं काढतात आणि पेंड त्यांच्याच पोटात जाते. पाठीच्या पंखाला टोकदार काटे लागले की समजा तिलापिया.

विक्रेता ‘शंभर टाका’ म्हणतो. ऐकू नका! 20 बाय 15 फुटांच्या, पाच फूट खोल तळ्याला 30-35 पुरे.

पिशवी बंदच ठेवून 20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घ्या. थेट ओतलं तर तापमानाच्या फरकानं मासे दगावतात. तिलापिया निवडून काढायच्या त्या तळ्याच्याच पाण्याच्या टबात. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून नळी बुडवू नका, उंचावरून फवाऱ्यासारखी पडू द्या.

शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, भिजवून, गोळे करून ताटलीत सोडायचा. खाद्य टाकताना पोरांची मूठ सैल सुटतेच, म्हणून लक्ष ठेवा. दोन तासांनी उरलं तर उद्या कमी. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर खाद्य बंद, पाणी चालू.

आणि तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. कुणी घसरून पडलं तर वर यायला गाठी मारलेला दोर काठाला कायम बांधलेला हवा.